बिनठिपक्याचा मुरा

कुंजबिहारीसर कॉलेजातून घरी आले तेव्हा ओसरीवरचा फिकट निळा टब रिकामा होता आणि सासूबाई चेहऱ्यावर मोठं समाधान घेऊन शेजारी बसल्या होत्या.

"ईमा, ह्यातला मासा?"

"सोडला इरिल नदीत. तुझ्या नावानं."

सर मटकन पायरीवर बसले. इंफाळच्या त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले होते, पण एकाही प्राण्याचं नाव ठेवण्याचा मान त्यांना मिळाला नव्हता. पलीकडच्या टेबलावरच्या नीलकमलसरांनी दोन खेकड्यांचं बारसं केलं होतं, आणि चहा पितानाही ते त्या खेकड्यांची आठवण काढत. अशात सरांना हा मुरा सापडला. मुरा म्हणजे चिखलात तोंड खुपसून राहणारा बोटभर मिशाळ मासा. बाजारात बायका त्याचे वाटे लावून विकतात. पण दर मुऱ्याच्या शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका असतो, ह्याला नव्हता. सरांनी भिंग लावून मिशा मोजल्या, डोळ्याखालचा काटा तपासला आणि ही जात जगाला ठाऊक नाही असं ठरवून टाकलं. प्राचार्यांच्या कानावरही घातलं. उद्या जिवंतपणीचा फोटो काढायचा आणि मग माशाला औषधाच्या बाटलीत उतरवायचं, एवढंच उरलं होतं.

जावई जेवत नाही, टबाशी पुटपुटतो, हे बघून सासूबाईंनी इकडे जाणत्या वैदूला गाठलं. त्यानं शनी सांगितला. जिवाच्या बदल्यात जीव, एक मासा पाण्यात सोडा म्हणाला. बाजारात नेमका त्या दिवशी जिवंत मासा नव्हता. घरात होता.

"ईमा, तसा मासा जगात दुसरा नव्हता हो."

"मग बरंच झालं, इबुंगो बाळा. शनीला हलकंसलकं दिलेलं चालत नाही."

सर जाळं घेऊन निघाले, तशा सासूबाईही मागोमाग. ज्याच्या नावानं सोडला त्यानंच पुन्हा धरला तर पीडा दुपटीनं परतते, असं त्यांनी वाटेत चारदा बजावलं. सर काठावरच थांबले. काठावरच्या मंडपातलं संकीर्तन नुकतंच आटोपलं होतं; भक्तीनं अजून ओली असलेली ती मंडळी सरांच्या वतीनं धोतरं खोचून पाण्यात उतरली. मुरे ढिगानं निघाले. सर एकेकाची शेपटी बघत होते. देव ठिपका द्यायला एकालाही विसरला नव्हता.

तेवढ्यात नीलकमलसर स्कूटरवरून आले. चौकशी केली, पँट दुमडली, वरच्या अंगाला पांढऱ्या वाळूत जाळं टाकलं आणि बिनठिपक्याचा मुरा अलगद वर काढला.

"तो माझा आहे," कुंजबिहारीसर म्हणाले.

"असेल. पण तुम्ही धरायचा नाही म्हणतात ना?" असं म्हणून ते मासा घेऊन गेलेसुद्धा.

पुढच्याच आठवड्यात कॉलेजात समारंभ झाला. टेबलावर लाल कापडाखाली काळसर काचेची बरणी, तिच्यात पाण्यात जिवंत मुरा, शेजारी हार घेतलेले प्राचार्य. कापड उचललं. मुऱ्याच्या शेपटीवर ठिपका होता, चांगला ठसठशीत. कुंजबिहारीसरांना जागीच उलगडलं. पांढऱ्या वाळूत आणि फिकट टबात मासा विटला होता; काळोख्या बरणीत त्याचा रंग परत आला. नवी जात वगैरे काही नव्हतीच. आपण थोडक्यात वाचलो, म्हणून त्यांनी मनोमन गोविंदजींना हात जोडले.

"ह्याला तर ठिपका आहे," प्राचार्य म्हणाले.

नीलकमलसरांची पापणीही हलली नाही. "तीच तर ओळख, सर. बाकीच्यांना ठिपका असतो. ही जात तो लपवते."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुंजबिहारीसर खरं काय ते सांगायला उठले, तोच शेजारी बसलेल्या सासूबाईंनी त्यांची शाल ओढली.

"बस खाली. आत्ता कुठे पीडा दुसऱ्याच्या घरी गेलीय."

सरांनी व्यासपीठाकडे बघितलं. पीडेच्या गळ्यात हार पडत होता. प्राचार्य तिला खेटून फोटो काढून घेत होते आणि विभागप्रमुखपदाचं काहीतरी बोलत होते.

सर हळूच खाली बसले आणि सासूबाईंच्या कानाशी वाकले.

"ईमा, ती परत आणता येते का हो?"