रोज हरणारा रमाशेठ

“डावीकडे! अरे गंगाराम, डावीकडे वळ! समोर गणपती हाय, दिसत नाय काय तुला?”

आरोळी एवढी दणदणीत, की माझ्या रंगाच्या दुकानातल्या डब्यांची झाकणं थरथरली. मी गिऱ्हाईक तसंच टाकून शेजारच्या मूर्तीच्या कारखान्यात धावलो आणि दारातच खिळलो. एरवी रांगेत उभ्या असणाऱ्या सगळ्या कच्च्या, पांढऱ्या मूर्ती जमिनीवर वाटेल तशा पसरलेल्या. मधोमध गंगाराम. ह्या माणसाचा जन्म माती मळण्यात गेला. आज मात्र तो हातात केरसुणी घेऊन झपाटल्यासारखा सरळ रेषेत झाडत चालला होता. पुढ्यात मूर्ती आली की थांबायचा, डावीकडे वळायचा, पुन्हा झाडत सुटायचा. ऑर्डर द्यायला आलेलं ठाण्याचं एक जोडपं भिंतीला चिकटून उभं होतं. त्यातल्या बाईंनी तर हात जोडले होते. पेणला मूर्ती घडवण्याआधी असा काही विधी करतात, अशी त्यांची समजूत झाली असावी.

“शेट, मी माणूस हाय का यंत्र?” गंगाराम रडकुंडीला आला.

“आत्ता यंत्र. जेवायच्या सुट्टीत माणूस. चल, झाड!”

स्टुलावर उभं राहून हे हुकूम सोडणारा गृहस्थ म्हणजे कारखान्याचा मालक, माझा शाळासोबती रमाकांत ऊर्फ रमाशेठ.

भानगड अशी होती. कुठल्याशा परदेशी वेबसाईटवर रोज एक कोडं पडतं. ते कागदावर सोडवायचं नसतं. ते सोडवणारा प्रोग्राम लिहायचा असतो. त्या दिवशीचं कोडं गोदामाचं होतं. गोदामात पोती पडली आहेत, झाडणारं यंत्र पोत्याला आपटलं की डावीकडे वळतं, तर किती फरशा झाडायच्या राहतील? रमाशेठच्या प्रोग्रामचं उत्तर चुकत होतं. कुठं चुकतंय ते डोळ्यांनी बघावं म्हणून त्यानं पोत्यांच्या जागी गणपती मांडले आणि यंत्राच्या जागी गंगाराम. संध्याकाळपर्यंत उत्तर काही आलं नाही. जमीन मात्र अशी लख्ख झाली, की तिच्यात मला माझं तोंड दिसलं, आणि दिवसातला दुसरा धक्का बसला.

पहिला मोठा धक्का त्याच्या बरेच दिवस आधीचा. ज्या माणसाला मोबाईलचा आवाज कमी करायला शेजारी यावं लागायचं, तो एक दिवस माझ्या गल्ल्याशी येऊन म्हणाला, “दत्तू, नवी भाषा शिकतोय.”

मला वाटलं, गुजराती. गिऱ्हाईकं वाढली असतील.

“नाय रे, कॉम्प्युटरची. रस्ट.”

मी खुर्चीत बसलेलाच होतो, तरी पुन्हा बसलो. लोखंडाला गंज चढू नये म्हणून मी हयातभर डबे विकले, आणि माझा जिवलग मित्र साठी ओलांडल्यावर गंज शिकायला निघाला!

“पण कशाला?”

“सुध्याला हरवायचाय.”

सुध्या म्हणजे सुधाकर, त्याचा धाकटा भाऊ. रोह्याला केमिकल कंपनीत कंट्रोल रूममध्ये होता. निवृत्त झाला तसा रोह्याजवळच वरसे गावात घर बांधून राहिला. बायको गेल्यापासून एकटाच. तोही ही कोडी सोडवायचा. वेबसाईटवर दोघा भावांनी दोनच नावांचा गट काढला होता. उत्तर बरोबर आलं की नावापुढे तारा उगवतो, आधी उगवेल तो पहिला. तिकडे मध्यरात्र होते तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेदहा वाजतात आणि नवं कोडं उघडतं. म्हणून साडेदहाला रमाशेठ रंगाचा हात पुसून कॉम्प्युटरपुढे बसायचा. त्या वेळी साक्षात कलेक्टर मूर्ती न्यायला आले असते, तरी त्यांना चहा पिऊन वाट बघावी लागली असती.

भाषा त्याच्या अंगात इतकी भिनली, की आम्हा शेजाऱ्यांना जगणं मुश्कील झालं. त्या भाषेचा म्हणे कायदा आहे: वस्तूला मालक एकच. उसनी दिली, तर परत येईपर्यंत मालकानं तिला हात लावायचा नाही. बघायला कितीही जण या, बदल एकानंच करायचा. कारखान्यात हा कायदा कामगारांना लगेच पटला, कारण ओल्या रंगाच्या मूर्तीला तो पिढ्यानपिढ्या लागूच आहे. गोची झाली माझी. माझी शिडी त्यानं नेली होती. दुकानाची पाटी उतरवायला मी ती मागायला गेलो, तर हा म्हणतो, “आत्ता तुला घेता येत नाय.”

“अरे, माझी शिडी आहे!”

“मालक तूच. पण उसनी दिलीस ना? मग मी सोडल्याबिगर तू तिला शिवायचा नाय. कंपायलर चिडतो.”

“कोण चिडतो?”

कंपायलर म्हणजे तो कोणी अरबी पहिलवान असावा अशा समजुतीनं मी आजूबाजूला पाहिलं. तर तो कॉम्प्युटरातच राहतो आणि लिहिलेलं तपासतो. त्याच्यावर रमाशेठचा भारी जीव. “चूक काढतो, पण वर सांगतो, बाबा असं करून बघ. आमची आय गेल्यावर मला असं कोन बोललंच नव्हतं रे.”

पाटी मी टेबलावर टेबल चढवून उतरवली. कंबर अजून दुखते.

ह्या सगळ्यात एक गोष्ट मला कळत नव्हती. हा माणूस रोज हरायचा. हळूहळू हात बसला, गंगाराम यंत्रपणातून सुटला, कोडी भराभर सुटू लागली. तरी रोज सुधाकर पहिला, हा दुसरा. आणि हरला की काय थाट! “हरलो रे हरलो!” अशी आरोळी ठोकायचा, की समोरच्या पापडवाल्या बायकांचे पापड उन्हाशिवाय वाळावेत. लगेच सगळ्यांना चहा. त्याची बायको, शोभावहिनी, सांगायची, “भावजी, हरल्यावर ह्ये दोन भाकऱ्या जास्त खातात.” मी मनात म्हटलं, गंज डोक्यात पोचला.

एकदा शिडीचा तगादा लावायला मी साडेअकराच्या सुमाराला गेलो. पडद्यावर उत्तर लिहून तयार होतं. नुसतं बटण दाबायचं बाकी. तो मात्र हाताची घडी घालून बसलेला.

“दाब की!”

“थांब. तपासतोय.”

मला कोडं कळत नाही, पण तपासणाऱ्याची नजर ओळीवरून फिरते एवढं कळतं. ह्याची नजर कोपऱ्यातल्या सुधाकरच्या नावावर रोवलेली. चहा आला, निवला, त्यावर साय धरली. शेवटी त्या नावापुढे तारा उगवला. रमाशेठनं लांब श्वास सोडला, निवलेला चहा एका घोटात संपवला, मग सावकाश बटण दाबलं आणि ओरडला, “हरलो रे हरलो!”

ह्याच रमाकांतानं मला लहानपणी गोट्यांत कधी एक डाव जिंकू दिला नव्हता!

वहिनीला बाजूला गाठून विचारलं. पदराला हात पुसत ती म्हणाली, “भावजी, जाऊ गेली तवापासून सुधाभावजी बोलायचेच बंद झाले. ह्ये फोन करायचे, ‘जेवलास?’ तिकडनं ‘व्हय.’ झालं. पेणला या म्हटलं तर येत नाय. मग एक दिवस आपनहून कोड्याचं काय काय सांगत बसले. ह्यांना एक अक्षर कळलं नाय. पन फोन ठेवला आन् दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर घेऊन आले.”

मला धक्के पचवायची सवय झाली होती. हा पचला नाही. शिडी मागायची मी सोडून दिली.

आणि एक दिवस तारा उगवला नाही.

बारा वाजले. एक वाजला. रमाशेठचं उत्तर पडद्यावर तसंच, कोपऱ्यातलं नाव तसंच. ताट झाकून ठेवलेलं. फोन लागेना. तो उठून एका मूर्तीचं पीतांबर रंगवायला बसला आणि रंग पायाच्या बोटांवर ओघळला. त्याच्या हातून रंग ओघळलेला मी जन्मात पाहिला नव्हता.

“दत्तू,” तो म्हणाला, “गाडी काढ.”

हायवेवर मी मोटारसायकल अशी पिटाळली, की मागे पडलेली एसटी थांबल्यासारखी वाटली. माझ्यामागे रमाशेठ. हात न धुता निघालेला, माझा शर्ट दोन्ही मुठींत धरलेला. नागोठणं मागं पडल्यावर कानाशी एकदाच बोलला, “येवढं सोपं होतं रे आजचं.”

मला हसू यायला हवं होतं. मी गाडीचा वेग आणखी वाढवला.

वरशाला घराचं दार बंद. त्यानं बेल दाबलीच नाही. दोन्ही हातांनी दार बडवलं आणि प्रत्येक थापेसरशी दारावर पिवळा पंजा उमटला. आत काही हलेना. मग कडी वाजली.

सुधाकर बनियनवर, हातात अर्धी सोललेली काकडी. त्यानं भावाचे पिवळे हात पाहिले, माझा रंग उडालेला चेहरा पाहिला आणि घाबरून विचारलं, “कोन गेला?”

रमाशेठ त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळत राहिला. शेवटी मीच म्हटलं, “फोन लागत नव्हता तुझा.”

“सकाळधरनं लाईट नाय. फोन पन मेलाय,” सुधाकर म्हणाला. त्यानं आम्हाला आत घेतलं, दोन खुर्च्या ओढल्या, काकडीचे तुकडे पुढे ठेवले. मग भावाकडे पाहून विचारलं, “आजचं कोडं बघायलाच नाय मिळालं मला. तुझं सुटलं काय?”

मी तोंड उघडलं. रमाशेठनं टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला.

“नाय,” तो म्हणाला. “मला नाय जमलं.”