एका रेघेने बुडालेल्या रजेची मोहीम

कागदावर जें राहात नाहीं तें लोकांच्या तोंडीं राहतें, आणि तोंडचें तीन दिवसांत तिखटमीठ लागून बदलतें, याकरितां खरी हकीकत लिहून ठेविली ती येणेंप्रमाणें.

आवक-जावक टेबलाच्या सरदार मावशी, चाकरी चोवीस वर्षांची, यांणीं आठ रोजांच्या रजेची अर्जदास्त हुजूर दाखल केली. हुजूर म्हणजे नवे साहेब, वयानें लहान, तपासणीच्या धास्तीनें कावलेले. त्यांणीं तीस अर्जांचा गठ्ठा पुढें ओढून, न वाचतां, एकेकावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकच तिरपी रेघ मारिली आणि खालीं 'कॅन्सल' ऐसें फर्माविलें. मावशींचें धाबें दणाणलें. लेकीचें पहिलें बाळंतपण तीन दिवसांवर, गांव परका, जांवई कामानिमित्त दूर मुलखीं. तिच्याजवळ बसावें कोणीं?

मग मावशींनीं रडणें पुढें ढकलून ग्रंथालयावर कूच केलें, आणि ग्रंथपालांशीं मसलत करून जाडजूड इंग्रजी शब्दकोश दोघांनीं मिळून खालीं उतरविला. तेथें मजकूर निघाला कीं, कॅन्सल हें क्रियापद लॅटिन मुलखांतून फ्रेंचांच्या वाटेनें आलें, मुळांत अर्थ जाळी. पूर्वील कारकून नको त्या मजकुरावर आडव्यातिडव्या रेघांची जाळी ओढीत, मग तो बाद होई. ग्रंथपाल म्हणाले, "मावशी, एका रेघेची कुठे जाळी होते? माशीसुद्धा अडकायची नाही."

ऐसी कुमक मिळतांच मावशी कोश कांखेस मारून कचेरींत चालून गेल्या, आणि विनंती केली कीं, रेघ एकच, सबब दस्तूर पुरा जाहला नाहीं. हुजुरांनीं कोश वाचिला, आणि तांबडेलाल जाहले. "एवढंच ना? द्या इकडे, दुसरी मारतो." डाव मावशींच्याच अंगाशीं आला. तरी अर्ज पुढें सरकविला, कारण इलाज नव्हता.

हुजुरांस नीटनेटकेपणाची भारी हौस. दुसरी रेघ पहिलीस बरोबर मधोमध छेदावी म्हणून पट्टी मागविली, आणि ती बसवितां बसवितां नजर पट्टीखालच्या अक्षरांवर गेली: मुलीजवळ दुसरें कोणी नाहीं. मग हुजुरांनीं पट्टी उचलून अर्ज पहिल्यापासून वाचिला.

"मावशी, हे आधी सांगायचं नाही का?"

"लिहिलं होतं, साहेब."

हुजुरांनीं रजा मंजूर केली, बाकीचे एकोणतीस अर्ज वाचावयास परत मागविले, आणि मावशी त्याच दुपारीं रवाना जाहल्या.

फत्ते नमूद केली ती ऐसी: चौथे रोजीं कन्या जाहली, बाळ सुखरूप, बाळंतीण सुखरूप, आजी हजर.