चौदा शब्दांची छाननी

खमरियाच्या स्टाफ क्वार्टर्समध्ये राहणारे श्रीरंग ठोसर तिथल्या दारूगोळा कारखान्याच्या निरीक्षण विभागात होते. तपासल्याशिवाय कुठलीही गोष्ट पुढे सोडायची नाही, हा ऑफिसचा नियम त्यांच्यामागून हळूहळू घरी आला होता. भाजीवाल्याकडचे टोमॅटोसुद्धा ते नमुन्यादाखल दोन दाबून बघत, आणि दोन्ही पिचकले की उरलेले नामंजूर करत. अशा माणसाकडे त्यांच्या सोळा वर्षांच्या मुलीने, रुचिराने, एका रविवारी सिनेमाची परवानगी मागितली. वर्गातल्या बाकीच्या मुलींनी ती घरी मागितली नव्हती, त्यामुळे त्यांचा सिनेमा कधीच बघून झाला होता.

"बाबा, एक पिक्चर आला आहे. गुंडांच्या फॅमिलीचा. अठरा प्लस लिहिलं आहे, पण तसं काही नाही. मी बघू का?"

"मग अठरा प्लस काहून लिहिलं?"

"ते तर बघूनच समजेल न."

हा मुद्दा श्रीरंगना बिनतोड वाटला. बघितल्याशिवाय समजणार नव्हतं आणि समजल्याशिवाय मुलीला बघू देता येत नव्हतं. सबब, आधी पालकांनी बघणं क्रमप्राप्त होतं.

त्यांच्या पत्नी प्रतिमा राइट टाउनच्या एका शाळेत हिंदी शिकवत. त्या म्हणाल्या, "सरळ नाही म्हणून टाका न जी. विषय संपला."

"न तपासता नामंजूर? उद्या कोणी कारण विचारलं तर?"

"मग बघा एकटे."

"एकट्यानं बघितला तर लोक म्हणतील, ठोसर या वयात असले पिक्चर बघून राहिले. समितीनं बघितला तर ते काम असते."

दुपारपर्यंत समिती स्थापन झाली. वरच्या मजल्यावरच्या पद्मजा सचिव झाल्या, कारण त्यांचा अक्षत रुचिराच्याच वर्गात होता आणि त्यांच्याकडे एक कोरं रजिस्टर होतं. अध्यक्षपदी शेजारचे शरच्चंद्र नाना बिनविरोध निवडून आले. वय एक्याऐंशी, चारित्र्य संशयातीत. कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये छत्तीस वर्षं काढल्यामुळे त्यांना ऐकू मात्र फारसं येत नसे. पण अध्यक्षांनी ऐकलंच पाहिजे असा कुठे नियम नव्हता. मुलांच्या कानावर काही वाईट पडू नये म्हणून रुचिरा आणि अक्षतला गणिताची पुस्तकं देऊन जिन्यात बसवण्यात आलं. एप्रिलचा महिना होता, म्हणून खिडक्या उघड्या ठेवल्या.

तीन वाजता अवलोकन सुरू झालं. चौथ्या मिनिटाला एका पात्राने दुसऱ्याला उद्देशून एक शब्द वापरला. श्रीरंगनी सिनेमा थांबवला. पद्मजांचं पेन हवेतच राहिलं.

"हे लिहू कसं? पहिलं अक्षर आणि पुढे फुल्या?"

"फुल्यांवरून उद्या कोणता शब्द ते कसं कळेल? पूर्ण लिहा."

पद्मजांनी पूर्ण लिहिला. वळणदार अक्षरात, वेळेसह. तेवढ्यात नाना म्हणाले, "काय म्हणाला तो?"

"शिवी दिली, नाना," प्रतिमा मोठ्याने म्हणाल्या.

"कोणती? न ऐकता मी सही नाही करत."

श्रीरंगनी कानाशी जाऊन सांगितलं. नानांनी मान हलवली. श्रीरंगनी आवाज वाढवला. तिसऱ्या वेळी शब्द नानांपर्यंत पोचला, आणि वाटेत जिन्यापर्यंतही.

"हे होय," नाना समाधानाने म्हणाले. "हे तर आमच्या शॉपमध्ये सकाळी सगळेच म्हणायचे. मंजूर."

पद्मजांनी हरकत घेतली. हरकत आली म्हणजे ठराव आला. ठरावात शब्द स्पष्ट असावा लागतो. आणि सूचकाने म्हटलेला शब्द अनुमोदकाने पुन्हा म्हणावा लागतो. अशा रीतीने सिनेमात एकदा आलेला प्रत्येक शब्द समितीत किमान पाच वेळा येऊ लागला. सहाव्या शब्दाला पद्मजा म्हणाल्या, "आमच्या माहेरी, गढ्याला, हा असा नाही म्हणत. थोडा लांबवतात," आणि लांबवून दाखवला. नवव्या शब्दाला, सकाळपासून या सगळ्याच्या विरोधात असलेल्या प्रतिमांना राहवलं नाही.

"रजिस्टरमध्ये पुल्लिंगी लिहिलं आहे. तो शब्द स्त्रीलिंगी आहे. वाक्यात वापरून बघा."

सगळ्यांनी वाक्यात वापरून बघितला.

अकरावा शब्द मोठा होता. तो नानांच्या कानात काही केल्या शिरेना. शेवटी श्रीरंग उभे राहिले, छाती भरून श्वास घेतला आणि नानांकडे बोट दाखवून तो त्यांनी अक्षर-अक्षर तोडून ठणकावला. समोरच्या ब्लॉकमधली कबुतरं उडाली.

दहा मिनिटांत दारात हवालदार बळीराम उभे होते.

"ठोसर साहब, शिकायत आई है. आप किसी बुजुर्ग को गालियाँ दे रहे हैं."

"काय म्हणतात हे?" नानांनी विचारलं.

"म्हणतात, मी तुम्हाला शिव्या देऊन राहिलो," श्रीरंग नानांच्या कानाशी जाऊन कसेबसे म्हणाले.

"मग दे न. पिक्चर अजून बाकी आहे."

बळीरामांनी डायरी उघडली. कोणत्या शिव्या, हे त्यांना शब्दशः लिहून घ्यावं लागणार होतं. पद्मजांनी रजिस्टर पुढे केलं. शब्द, लिंग, गढ्याचा उच्चार, मिनिट, सेकंद. इतक्या वर्षांच्या नोकरीत इतकं स्वच्छ काम आपण पाहिलं नाही, असं बळीराम म्हणाले. पण खातरजमा आवश्यक होती. ते टोपी मांडीवर ठेवून बसले आणि सिनेमा पुन्हा पहिल्या मिनिटापासून सुरू झाला.

साडेसहाला निष्कर्ष निघाला. एकूण शब्द चौदा. सदर चित्रपट किशोरवयीनांच्या कानांस सर्वथा अयोग्य. ठराव एकमताने संमत. श्रीरंगनी तो वाचून दाखवायला दार उघडलं, तर जिना खालपर्यंत भरलेला होता. अर्धा ब्लॉक पायऱ्यांवर बसला होता. मुलांच्या कानावर काय पडून राहिलं ते बघायला आलो, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. काहींनी शेंगदाणे आणले होते.

सगळ्यात वरच्या पायरीवर रुचिरा होती. तिच्या गालांचा रंग पाहून श्रीरंगना दिवसात पहिल्यांदाच वाटलं की तपासणीत काहीतरी राहून गेलं.

"बेटा, तू हा पिक्चर नाही बघायचा," ते हळूच म्हणाले.

"नाहीच बघत, बाबा. किती लोकांनी विचारलं, तुझ्याच घरून आवाज येऊन राहिला का. मी उद्या शाळेत कशी जाऊ?"

"आम्ही तर तुझ्यासाठीच..."

"माहीत आहे. पण यापुढे तुम्हाला काही बघायचं असलं न, तर आधी मला सांगा." ती उठली, गणिताचं पुस्तक मिटलं. "मी बघते, तुमच्यासाठी ठीक आहे की नाही."

अक्षतने अनुमोदन दिलं. विरोधात कोणीच बोललं नाही.

तेव्हापासून त्या ब्लॉकमध्ये हीच पद्धत आहे. ते चौदा शब्द नेमके कोणते, असा प्रश्न वाचताना तुम्हाला पडलाच असेल. रजिस्टर आता रुचिराच्या कपाटात कुलपात आहे. तुमच्या घरातल्या सोळा वर्षांच्या जबाबदार व्यक्तीचं सहीचं पत्र आणलंत, तर ती विचार करेल.