राक्षसाला सुट्टी

फाटकावरचा पहारेकरी रोज सकाळी साडेआठला त्याच माणसाला तोच प्रश्न विचारत असे.

"कोण?"

"राक्षस."

"पास दाखवा."

मग राक्षस डब्याची पिशवी खाली ठेवून खिसे चाचपे, पास काढून दाखवी आणि आत जाई. सात वर्षं हे असंच चाललं होतं. पहारेकऱ्याचा तरी काय दोष? तो स्वतः त्या आवारात बनणाऱ्या टीव्ही मालिकेचा भक्त होता. शनिवारी संध्याकाळी घरच्यांना गप्प बसवून मालिका बघायचा आणि राक्षस दिसला की मुठी आवळायचा. पण त्या राक्षसाला दोन शिंगं होती, हिरवं तोंड होतं, वीतभर नखं होती. फाटकावर उभा असायचा तो चष्मा लावलेला, पन्नाशी उलटलेला, किरकोळ अंगाचा एक गृहस्थ.

टीव्ही तेव्हा नवा होता. एका घरात असला की आजूबाजूची चार घरं तिथे सतरंजीवर येऊन बसत. मालिकेत एक राजपुत्र होता, उडणारा घोडा होता आणि सात दरवाजे होते. दर शनिवारी राजपुत्र राक्षसाला मारून विहिरीत ढकली आणि सोमवारी राक्षस वेळेवर कामाला हजर होई. त्याचं गडगडाटी हसणंसुद्धा त्याचं नव्हतं. त्याचा आवाज पातळ, म्हणून ते दुसऱ्या कुणाकडून तरी भरून घेत. सगळे त्याला राक्षसकाका म्हणत. खरं नाव कचेरीतल्या एका जाड वहीत होतं, पण ती वही उघडायची वेळ कुणावर आली नव्हती.

एका सोमवारी राक्षसकाका आत आले तेव्हा कचेरीबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं : 'भाग ३५२. राक्षसाला सुट्टी. गुरुवार.'

काकांनी ते पुन्हा एकदा वाचलं. त्या आवारात कुणाला कामावरून काढलं असं कधी म्हणत नसत. त्याला सुट्टी दिली, असं म्हणत. मॅनेजर मनाने हळवा होता, त्याला दुसरा शब्द उच्चारवत नसे. मागच्या महिन्यात याच फळ्यावर 'जादूगाराला सुट्टी' असं लिहिलं होतं. तो म्हातारा जादूगार आता जावयाच्या छत्र्यांच्या दुकानात बसत होता.

खरी गोष्ट अगदी साधी होती. शाळा बंद होण्याचे दिवस आले होते आणि वाहिनीला सुट्टीचा एक खास भाग हवा होता. लेखकाने ठरवलं की या भागात राक्षसही एक दिवस सुट्टी घेतो, शिंगं खुंटीला अडकवतो आणि उन्हात खुर्ची टाकून बसतो. भागाचं नावच 'राक्षसाला सुट्टी'. हे राक्षसाला कुणी सांगितलं नव्हतं, कारण राक्षसाला कुणी कधी काही सांगतच नसे. विहीर कुठल्या बाजूला आहे तेवढं दाखवलं की त्याचं काम भागत असे.

काकांनी धीर करून मॅनेजरला गाठलं. "फळ्यावरचं ते खरं आहे का?"

"कुठलं? तीनशे बावन्नचं? अहो, पक्कं. वरूनच आलंय."

"वरून?"

"त्यांचं म्हणणं पडलं, काहीतरी नवीन करा. लेखक म्हणाला, राक्षसाला सुट्टी देऊ. सगळ्यांना एका मिनिटात पटलं."

"एका मिनिटात," काका म्हणाले.

"मला विचाराल तर हे मागेच व्हायला हवं होतं. बरं, गुरुवारी तेवढे या. मुखवटा लागणार नाही तुम्हाला."

काका तिथून कपड्यांच्या खोलीत गेले. तिथल्या मावशी साठीच्या होत्या. सगळ्यांचे पोशाख त्या शिवत आणि सगळ्यांना अरेतुरे करत. त्या तोंडात टाचण्या धरून राजपुत्राच्या शेल्याला काठ लावत होत्या. राजपुत्र समोर स्टुलावर उभा होता.

"मावशी, तुम्हाला माहीत होतं?" काकांनी विचारलं.

"तुझ्या सुट्टीचं? हो तर. आजचं काम झालं की मुखवटा ठेव इथे, धुऊन वाळत घालते. आतून काय वास मारतोय त्याला."

"मजा आहे काका तुमची," राजपुत्र स्टुलावरून म्हणाला. "आम्हाला कधी मिळणार?"

राजपुत्र तेवीस वर्षांचा होता आणि मनाने वाईट नव्हता. त्या दिवशी काका नेहमीसारखे विहिरीत पडले, पण जरा आधीच पडले. तलवार त्यांच्यापर्यंत पोचायची होती.

घरी त्यांनी बूट काढायच्या आधीच बायकोला सांगून टाकलं.

"सरळ नारळ दिला म्हणा ना," ती म्हणाली.

"सुट्टी दिली म्हणतात."

"फळ्यावर लिहून? सात वर्षांच्या माणसाला? आणि तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही. विहिरीत पडलो."

बायको खुर्ची ओढून समोर बसली. काका बोलत राहिले. या वयात दुसरं काम मिळवायचं तर आधीचं काय केलं ते विचारणार. सात वर्षं टीव्हीवर होतो म्हणावं, तर तोंड कुणी पाहिलेलं नाही. हसून दाखवावं, तर हसणं आपलं नाही. मुखवट्यामागचा माणूस मीच होतो, हे सिद्ध करायचं तरी कसं? त्यांना नोकरी जाण्याचं दुःख होतंच. पण आपण तिथे होतो याचा काही पुरावाच उरणार नाही, हे त्यांना जास्त लागलं होतं.

"ते मागनं बघू," बायको म्हणाली. "आधी पत्र लिहा. त्यांनी काढायच्या आत आपण निघायचं. घ्या कागद."

घरात कोरा कागद नव्हता. मालिकेच्या जुन्या संवादांचे पाठकोरे कागद होते, त्यातलाच एक घेतला. बायकोने सांगितलं, काकांनी लिहिलं. 'राजीनामा' हा शब्द लिहायला मात्र त्यांचा हात होईना. त्यांनी 'कायमची सुट्टी' असं लिहिलं. खाली खरं नाव घालणार होते, पण कचेरीत ते कुणाला कळणार नाही असं वाटून 'आपला, राक्षस' अशी सही केली.

मंगळवारी ते पत्र मॅनेजरच्या टेबलावर गेलं. मॅनेजर त्या वेळी उडणाऱ्या घोड्याच्या मालकाशी फोनवर भांडत होता. घोड्याने पंख बांधून घ्यायचं साफ नाकारलं होतं. मॅनेजरने कागदावर नजर टाकली. मागे संवाद, पुढे 'राक्षस' आणि 'सुट्टी'. तीनशे बावन्नाव्या भागाचं सुटं पान असणार, म्हणून त्याने ते लेखकाच्या फायलीत खोचलं.

लेखकाचं घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलं होतं. राक्षसाने शिंगं खुंटीला लावली, उन्हात खुर्ची टाकली, इथवर झकास जमलं होतं. पुढे त्याने करायचं काय, हे दोन दिवस सुचत नव्हतं. फायलीत हे पान दिसलं. आपण हे कधी लिहिलं ते त्याला आठवेना. पण चांगलं लिहिलंय म्हणजे आपलंच असणार, याविषयी त्याच्या मनात शंका आली नाही. त्याने 'महोदय' खोडून 'महाराज' केलं आणि पान टाइप करायला दिलं.

गुरुवारी काका आपली जुनी चप्पल, कंगवा आणि गुडघ्याला चोळायची बाटली घरी न्यायला आले. मावशींनी त्यांना दारातच धरलं. "कुठे चाललास? तोंड धू आणि हा सदरा घाल."

निरोपाला बरे कपडे घालत असतील, असं समजून काकांनी सदरा घातला. त्यांना आत नेलं, खुर्चीवर बसवलं. वर दिवे लागले. शेजारी खुंटीवर मुखवटा टांगलेला होता, धुतलेला, स्वच्छ. सगळी मंडळी भोवती उभी होती. लेखकाने हातात कागद दिला.

"बघून वाचलंत तरी चालेल," दिग्दर्शक म्हणाले. "सावकाश."

काकांनी कागद पाहिला. आपलाच राजीनामा, टाइप केलेला. म्हणजे तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवायचा होता. आधी त्यांना लाज वाटली, मग राग आला. शेवटी, सात वर्षांत पहिल्यांदा बोलायला मिळतंय तर बोलून घेऊ, असा विचार करून ते आपल्या पातळ आवाजात वाचू लागले.

"महाराज, गेली सात वर्षं मी आपल्याकडे दर आठवड्याला मरत आलो. एकदाही उशीर केला नाही. विहिरीत गुडघा दुखावला, तो घरीच शेकला. माझं तोंड आपण कधी पाहिलं नाही. ते बरं आहे, असं माझी बायको म्हणते. माझं हसणंही आपण दुसऱ्याला दिलंत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आपण मला सुट्टी द्यायच्या आधी मीच ती मागतो. कायमची सुट्टी मंजूर व्हावी. आपला, राक्षस."

दिवे बंद झाले तरी कुणी हललं नाही. राजपुत्र शेल्याला डोळे पुसत होता आणि मावशी चक्क त्याला पुसू देत होत्या.

"राक्षसकाका, हे कुठे शिकलात?" दिग्दर्शकांनी विचारलं.

"घरी," काका म्हणाले.

घोटाळा काय झाला होता ते मावशींनी नंतर त्यांना समजावून सांगितलं. काकांनी दोनदा ऐकून घेतलं. घरी गेल्यावर बायकोने दार उघडताच विचारलं, "दिलं पत्र?"

"दिलं. वाचूनही दाखवलं."

"मग? गेली नोकरी?"

"नाही. आहे."

"आणि पत्र?"

"ते शनिवारी टीव्हीवर लागणार आहे."

शनिवारी ते लागलं. रविवारी सतरंज्यांवरची माणसं पत्रं लिहायला बसली. बुधवारी वाहिनीकडे पत्रांचं एक पोतं आलं, शुक्रवारी तीन आली. शाळेतली मुलं, निवृत्त मास्तर, दवाखान्यात पडून असलेली माणसं, सगळ्यांची एकच मागणी होती : त्या बिचाऱ्याला सुट्टी द्या. लोकांचा शब्द मोडायचा नाही असं वाहिनीने ठरवलं. पुढच्या सोमवारी फळ्यावर खडूने लिहिलं होतं : 'राक्षसाला सुट्टी.'

या वेळी काकांनी तर्क केला नाही. ते थेट कपड्यांच्या खोलीत गेले. "मावशी, याचा अर्थ काय घ्यायचा?"

मावशींनी तोंडातल्या टाचण्या काढून बशीत ठेवल्या. "या खेपेला तोच," त्या म्हणाल्या.

काकांनी चप्पल, कंगवा आणि बाटली पिशवीत भरली. मॅनेजर त्यांच्यासमोर यायला धजला नाही. पण त्याच आवारात, पलीकडच्या इमारतीत, एका नव्या मालिकेची जुळवाजुळव चालू होती. तिथल्या लोकांना थकलेला, सज्जन, कुणी दखल न घेतलेला कारकून हवा होता. त्यांनी शनिवारचा भाग पाहिला होता. चेहरा असाच हवा, म्हणाले, आणि आवाजही हाच.

दुसऱ्या दिवशी साडेआठला काका फाटकाशी आले. सवयीने पिशवी खाली ठेवली आणि खिसे चाचपू लागले. पास काल कचेरीत जमा केला होता, हे त्यांना तेव्हा आठवलं.

पहारेकरी स्टुलावरून उठून उभा राहिला. सात वर्षांत तो त्यांच्यासाठी कधी उठला नव्हता.

"पास नाही आज," काका म्हणाले.

"तुम्हाला कसला पास, काका? तोंड काय मी ओळखत नाही?" त्याने फाटक पुरतं उघडलं आणि पिशवी स्वतः उचलून हातात दिली. मग जरा जवळ येऊन हळू आवाजात विचारलं, "मिळाली ना पण शेवटी सुट्टी?"

"मिळाली."

"मिळणारच," पहारेकरी म्हणाला. "दोन पत्रं तर माझीच होती."