कुंकू लावलेली डिस्क

आमच्या शेजारचे नाना दोन घड्याळं घालतात. एक डाव्या मनगटावर, एक उजव्या. किती वाजले विचारलं की दोन्हीकडे बघतात आणि जुळली तरच सांगतात! सगळी नोकरी धुळ्यात विजेच्या खांबांवर गेली. "एकना भरोसा नही," हे तिथंच शिकले म्हणे. चष्मे दोन, छत्र्या दोन, घराच्या किल्ल्या दोन. बायको तेवढी एकच. अक्का तीन वर्षांपूर्वी गेल्या.

अक्का लग्नातली अहिराणी गाणी झकास म्हणायच्या. नानांनी ती सगळी एका डिस्कवर भरून ठेवलेली. आता तीही एकच म्हटल्यावर माझ्यामागे टुमणं लागलं, "मास्तर, हिन्ही जोडीदार करी द्या ना!" मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो, म्हणून गल्लीतली प्रत्येक वायर माझ्याच नशिबी.

शेवटी दोन खणांची पेटी आणली. वरच्या खणातली डिस्क खालच्या डिस्कवर हुबेहूब उतरते आणि पुढे दोन्हींवर कायम एकच राहतं. नवी डिस्क नानांनी हट्टानं त्याच कंपनीची, त्याच रंगाची घेतली. फरक एवढाच, की एकीवर कुंकवाचं स्वस्तिक होतं.

नव्या वस्तूला आधी कुंकू लागतं, हे मला काय कुणी शिकवायचं? मी कुंकवाची डिस्क खाली सरकवली. खालचं सगळं पुसलं जाईल, चालेल का, असं पडद्यावर विचारलंसुद्धा. मी गाढव, हो म्हटलं.

संध्याकाळपर्यंत दोन्ही अगदी सारख्या झाल्या. दोन्ही कोऱ्या.

"नाना, कुंकू नवीला नाही लावलंत?"

"नवीमा काय शे?" नाना म्हणाले. "अक्का ते जुनीमा शे ना."

जळगावला पुसलेलं परत काढून देणारा एक जण आहे, त्याच्याकडे धावलो. चार दिवसांनी त्यानं मान हलवून डिस्का हातात ठेवल्या. परतीच्या बसमध्ये वाटत होतं, धुळं येऊच नये.

नानांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला पाणी दिलं. मग म्हणाले, "दिवाळीले तुम्हले एक गानं ऐकाडं व्हतं. याद शे?"

आठवत होतं. त्या रेकॉर्डिंगमध्ये गाणं मध्येच तोडून अक्का नानांवर ओरडल्या होत्या. मी ते खालमानेनं सांगितलं, "बंद करा ते! चाला जेवाले, भाकर थंडी व्हई गयी!"

नानांनी डोळे मिटले.

"अशी नही, मास्तर. जराशी चिडीसन म्हना."

मला कुठलं चिडता येतंय! रडूच फुटलं.