डोळ्यांनी पाहिलेली पाच उदाहरणं

इंग्रजीतल्या फ्रेजेसचे प्रकार शिकायला शिकवणी कशाला लागते, असं तात्यांनी भर जेवणात जाहीर केलं, तेव्हाच कोणीतरी त्यांच्या तोंडावर हात ठेवायला हवा होता! पण बायको दवाखान्यात नर्स. दिवसभर उभी राहून दमलेली. आणि चिमी सहावीत. तिला वडील म्हणतील ती पूर्व दिशा.

"नाउन, व्हर्ब, ॲडजेक्टिव्ह, ॲडव्हर्ब, प्रिपोझिशनल. झाले पाच प्रकार!" तात्या हात धुता धुता म्हणाले. "चिमे, पुस्तकातली उदाहरणं अजिबात उतरवायची नाहीत. आपल्या डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं. भाषा अशी येते!"

आठ दिवसांनी चिमीचा शाळेसाठीचा फ्रेजेसचा तक्ता तयार झाला आणि तात्यांनी तो न बघताच मागे पालकाची सही ठोकली. त्यांचं चित्त तेव्हा भलतीकडे होतं. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात हेडक्लार्कची जागा रिकामी झाली होती. बावीस वर्षं खर्डेघाशी केल्यावर ती आपल्याच पदरात पडणार, अशी त्यांची खात्री होती. साहेब सोमवारी नाव जाहीर करणार होते.

आणि शनिवारी शाळेत तक्त्यांचं प्रदर्शन. प्रमुख पाहुणे कोण? तर तेच साहेब! तात्या इस्त्रीचा शर्ट घालून अर्धा तास आधीच हजर झाले. सगळ्यांत आधी लेकीचा तक्ता शोधला, आणि त्यांचे डोळेच पांढरे झाले.

प्रत्येक फ्रेजवर एक रंगीत चित्र होतं. पहिल्यात मिशीवाला गुबगुबीत माणूस: 'अ व्हेरी हेल्दी पेशंट'. दुसऱ्यात त्याच्या हातातला थर्मामीटर गरम चहाच्या कपात: 'इन द हॉट टी'. तिसऱ्यात तो मागच्या दाराने चोरपावलांनी बाहेर: 'व्हेरी क्वायटली'. चौथ्यात नदीकाठी गळ टाकून बसलेला: 'हॅज बीन फिशिंग'. पाचव्यात ऑफिसातली रिकामी खुर्ची: 'टू लेझी फॉर ऑफिस'. मिशी इतकी हुबेहूब होती की नाव लिहायची गरजच नव्हती!

झालं होतं असं की, गेल्या महिन्यात तात्यांनी तापाच्या नावाखाली तीन दिवस रजा मारली होती. साहेबांनी ती हळहळून मंजूर केली होती. घरी नर्सबाईंनी रोज संध्याकाळी कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या होत्या. एका दिवशी चिमीची शाळा लवकर सुटली, म्हणून तिलाही नदीवर न्यावं लागलं होतं.

"चिमे! मी तुला काय बजावलं होतं?"

"कोणापाशी बोलायचं नाही. मी कुठे बोलले? मी लिहिलं."

"असलं लिहायला सांगितलं कोणी तुला?"

"तुम्हीच!"

तात्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते तडक वर्गाच्या बाईंकडे गेले. "बाई, हा काय प्रकार आहे? लोकांच्या घरातल्या गोष्टी भिंतीवर टांगता? काही ताळतंत्र?"

"अहो, मागे तुमचीच सही आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि किती जिवंत उदाहरणं आहेत!"

जिवंत! तात्यांच्या जिवाचं काय ते कोणी विचारत नव्हतं! इतक्यात फाटकाशी साहेबांची गाडी थांबली आणि बाई चिमीला घेऊन स्वागताला धावल्या. तात्यांनी आजूबाजूला बघितलं, तक्ता खसकन काढला, गुंडाळी केली आणि शर्टाच्या आत पाठीशी खुपसली.

"काय हो, असे ताठ का?" साहेबांनी विचारलं.

"उसण भरलीय, साहेब."

"जपा हं. नुकतेच तापातून उठलाय."

अहाहा! त्या मायेच्या शब्दांनी तात्यांना हेडक्लार्कची खुर्ची अगदी ढुंगणाखाली आल्यासारखी वाटली.

सगळे खुर्च्यांवर बसले आणि बाईंनी पहिलं बक्षीस जाहीर केलं. चिमीच्या तक्त्याला! साहेब म्हणाले, "आणा पाहू इकडे." भिंतीवर मात्र नुसता खिळा. चिमीने भोकाडच पसरलं. "माझा तक्ता चोरला!" शिपायाने दारं लावून घेतली. बाई शेजारच्या बाकावरच्या मुलीचं दप्तर उपसू लागल्या, तर तीही रडायला लागली.

"अहो, बसलात काय ढिम्म?" दवाखान्यातून नुकतीच येऊन पोचलेली बायको कडाडली. "आठ दिवस खपत होती पोर! शोधा की!"

तात्या रागाने नुसते धुमसत होते. शाळेवर, बाईंवर, त्या खिळ्यावरसुद्धा! पण चिमीला हुंदक्यांनी श्वास घेता येईना, तेव्हा त्यांना राहवेना. ते उठले, सगळ्यांदेखत कॉलरमधून गुंडाळी उपसली आणि साहेबांच्या हातात दिली.

साहेबांनी पाचही फ्रेजेस मोठ्याने वाचल्या. एकेका चित्राशी थांबून तात्यांच्या मिशीकडे बघितलं. गरम चहापाशी बायको जागची उठली आणि तात्यांकडे अशी बघायला लागली, की दवाखान्यातली सगळ्यांत जाड सुई तिच्या डोळ्यांपुढे असावी. सभागृह हसून हसून लोळत होतं.

साहेब मात्र हसले नाहीत. चिमीच्या हातात बक्षिसाचा कप देऊन ते म्हणाले, "तात्या, तुमच्या घरात हेडक्लार्कच्या लायकीचं एकच माणूस आहे. पण ते अजून सहावीत आहे!"

घरी जाताना बायको दहा पावलं पुढे, तात्या मागे, आणि मध्ये कप छातीशी धरून चिमी.

"तात्या, रागावलात?"

"नाही," तात्या दात खाऊन म्हणाले.

"मग मदत कराल? सोमवारपासून बाई अर्ज लिहायला शिकवणार आहेत. घरात असलेला एखादा खरा अर्ज आणायला सांगितलाय."

तात्यांनी बायकोला मागे टाकून घर गाठलं आणि चपला न काढताच रजेच्या अर्जांच्या नकला ठेवलेल्या कपाटाला कुलूप घातलं.