विसावा मसुदा

नऊ वर्षांपूर्वी पुएब्ला शहराहून धाकट्या बहिणीचं, अमादाचं पत्र आलं होतं आणि एलादिओ मास्तरांनी त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं. लिहिलं नव्हतं असं नाही. एकोणीस मसुदे टेबलाच्या खणात पडून होते.

अमादानं दोनच गोष्टी विचारल्या होत्या. 'दादा, मन आनंदानं उचंबळतं त्याला तू वर्गात आल्बोरोसो म्हणायला शिकवलंस. तो शब्द आला कुठून? नात विचारतेय. आणि यंदा जत्रेला येऊ का?'

दोन्ही उत्तरं एकदमच द्यावीत, असं मास्तरांनी ठरवलं. पण एक कोश म्हणे, शब्द अरबांचा. पाहुण्याला आणायला वाजतगाजत बाहेर पडणं, हा मूळ अर्थ. दुसरा म्हणे, खात्री नाही. मास्तर तिसरा कोश शोधत राहिले आणि दुसरं उत्तर पहिल्याच्या मागे ताटकळत राहिलं.

यंदा जत्रेच्या आदल्या दिवशी टेलिफोनवाल्या चोनाबाईंचा भोंगा डोंगरभर घुमला. "एलादिओ मास्तर! पुएब्लाहून फोन! तुमची बहीण अकराच्या बसनं येतेय!" भोंगा खाली ठेवून बाईंनी पुढचं ऐकायला रिसीव्हर कानाला लावला, तोवर लाइन तुटली होती.

पाहुणा येणार म्हटल्यावर गावचा बँड वेशीवर जाणारच. बँडमास्तर गाउदेन्सिओ दारात हजर.

"चला मास्तर! चाळीस वर्षांनी माहेरवाशीण येतेय!"

"तू हो पुढे. तिला उत्तर द्यायचंय, एवढं एकदा पाहून घेतो."

"अहो, ती समोर उभी राहील, तोंडी सांगा की!"

"तोंडी चुकीचं सांगितलं तर?"

गाउदेन्सिओनं कपाळावर हात मारला आणि तो गेला.

अखेर मास्तर निघाले. काखेत कोश, एका पायात बूट, दुसऱ्यात सपात. वळणावरून त्यांना दिसलं, बस थांबली. आकाशबाण उडाले, बँडनं सगळ्यात उडती चाल धरली. एक तरुणी उतरली. तिच्या हातात शालीत गुंडाळलेली लहानशी लाकडी पेटी होती, अस्थी ठेवतात तसली.

क्लॅरिनेट थांबली. ढोल थांबला. ट्यूबावाला मात्र वाजवतच राहिला. त्या अवाढव्य पितळी वाद्यापलीकडचं त्याला काही दिसत नसे. कुणीतरी त्याला कोपर मारलं.

गाउदेन्सिओनं टोपी काढली. "पोरी, चुकलंच आमचं. मयताची चालही येते आम्हाला. आत्ता बदलतो."

"नका बदलू," ती तरुणी, अमादाची नात नेरेइदा, म्हणाली. "आजी म्हणायची, मला आणायला कुणी यायचं नाही. वाजवा."

तेवढ्यात मास्तर धापा टाकत पोचले.

"तुम्हीच दादाआजोबा ना? ती रोज पोस्टमनला विचारायची."

मास्तरांनी कोश उघडला, मिटला. ट्यूबावाल्याकडे दिला आणि दोन्ही हातांनी पेटी घेतली. बँड पुढे, मास्तर मागे. ती उडती चाल त्या दिवशी फार बेसूर वाजली. कारण सगळेच रडत वाजवत होते.

जत्रा संपून पुएब्लाला परत निघताना नेरेइदा म्हणाली, "आजीच्या पत्राचं उत्तर द्या ना, मीच नेते."

"नको. तिनं पोस्टाची वाट पाहिली होती."

विसाव्या मसुद्याला कोश लागला नाही. 'अमादा, शब्द कुठून आला ते मला अजूनही नक्की माहीत नाही. तू ये. मी वेशीवर येतो.'

पाकिटावर अमादाचाच पत्ता होता. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, "तातडीचं आहे का, मास्तर?"

सवयीप्रमाणे मास्तरांनी बराच विचार केला.

"हो," ते म्हणाले, आणि पाकीट त्यांनी हातातून सोडलं.